मागे राहिलेली धावपट्टी

मी शहापूरची. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर लागतं ते शहापूर. आमचं घर धानाचं. बाबांनी आयुष्यभर जमीन पावलांनी मोजली. बांधी किती, धुरा किती, रोवणीला बाया किती लागतील, हे ते चालून आल्यावर सांगायचे आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकायचा. त्यांच्या लेकीनं, म्हणजे मी, हातात सगळी यंत्रं असताना साडेसातशे मीटर जागा मोजण्यात चूक केली. नंतर ती चूक लपवली. दोन्ही गोष्टी मला लिहायच्या आहेत आणि दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

मी उडायला शिकले गोंदियाजवळच्या बिरसीला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेलं हे विमानतळ. आजची धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांब आहे. पहाटे वरठीहून गाडी पकडायची, मुक्कामाची पिशवी खांद्याला, आणि दिवस उजाडता उजाडता तिथे पोचायचं. चार माणसांच्या छोट्या विमानाला एवढी धावपट्टी म्हणजे मोकळं रान. तिथे कुठेही टेकलं तरी चालायचं. सुरुवातीला नाही टेकलं, तर पाचशे मीटर पुढे टेका. तिथेही नाही, तर अजून पुढे. चाकं अलगद टेकली की शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर मान हलवायचे आणि मला वाटायचं, जमलं. टेकणं मऊ झालं का, एवढंच मी स्वतःला विचारत असे. कुठे टेकलं, हे विचारायची सवय मला लागलीच नाही. याचा दोष मी शिकवणाऱ्यांना देणार नाही. ते सांगत होते. धावपट्टीवरचे पांढरे जाड पट्टे दाखवून 'इथे, इथे टेकव' म्हणत होते. पण पुढे दीड किलोमीटर डांबर पसरलेलं दिसत असताना ते म्हणणं कानात शिरत नव्हतं.

सेसना १७२ हे साधं, गरीब स्वभावाचं विमान आहे. त्याच्या पुस्तकात आकडे स्पष्ट दिलेले असतात. समुद्रसपाटीवर, सामान्य हवेत, पूर्ण वजनानं, पन्नास फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबायला साधारण ४०७ मीटर लागतात. त्यातलं जमिनीवरचं धावणं फक्त १७५ मीटर. मात्र हे आकडे ६१ नॉट वेगानं, फ्लॅप पूर्ण सोडून, योग्य जागी टेकणाऱ्या वैमानिकाचे आहेत. पाठीमागून वारा असेल तर दर दोन नॉटला अंतर दहा टक्के वाढवा, असं त्याच पानावर खाली लिहिलंय. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं आणि पाठ केलेलं बरोबर लिहून गुणही मिळवले होते.

मे २०१४. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. असंच एक विमान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचं होतं. ठिकाण उसाच्या पट्ट्यातलं, एका खासगी आवारातली ७५० मीटरची धावपट्टी. मी तिथे कधी उतरले नव्हते. शेजारी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नुकताच लायसन्स मिळालेला एक सहवैमानिक होता. दुपारी तीनची वेळ, चाळीसच्या आसपास तापमान. वाटेत उशीर झाला होता आणि संध्याकाळची परतीची बस मला चुकवायची नव्हती.

नवी धावपट्टी असली की आधी तिच्यावरून एकदा उंचावरून जायचं असतं. वारा कुठून वाहतोय, टोकाला काय आहे, मध्ये गुरं आहेत का, उतार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं बघून मग वळसा घेऊन उतरायचं. मी ते केलं नाही. आम्ही येत होतो ती दिशा आणि पट्टीची दिशा एकच होती, म्हणून मी सरळ आत शिरले. पाच-सात मिनिटं वाचवली.

पट्टीच्या अलीकडे निलगिरीची रांग होती. ती ओलांडताना मी वेगाच्या काट्याकडे बघितलं तेव्हा काटा ७१ वर होता. दहा नॉट जास्त. दहा हा आकडा ऐकायला किरकोळ आहे. पण थांबवायची असते ती ऊर्जा, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे पुस्तकातल्या वेगापेक्षा मी सुमारे पस्तीस टक्के जास्त ऊर्जा घेऊन आत येत होते. त्यात पट्टी पुढे उतरती होती. उतरत्या पट्टीवर डोळ्यांना वाटतं की आपण फार खाली आहोत, आणि हात आपोआप नाक थोडं वर ठेवतो. मी वर राहिले. वर राहिले म्हणून पुढे गेले.

आणि मग वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी कापडी सॉक दिसला. उजव्या बाजूला, शेडच्या छपरावर. त्याचं तोंड आमच्याकडे होतं आणि शेपूट पट्टीच्या पुढच्या टोकाकडे उडत होती. म्हणजे वारा आमच्या पाठीमागून होता. फार नव्हता, पाच नॉटच्या आसपास असेल.

आपण उलट्या बाजूनं आलो आहोत, हे मला त्या क्षणी कळलं. 'नीट दिसलं नाही' असं मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. ते खोटं आहे. मला सॉक दिसला, त्याचा अर्थ कळला, आणि पुन्हा वर जायला मी थ्रॉटल पुढे ढकलला नाही.

विमान जमिनीला समांतर तरंगत राहिलं. गरम जमिनीवरून वर येणारी हवा, जास्तीचा वेग आणि पाठचा वारा, तिन्ही मिळून त्याला खाली बसू देत नव्हते. अशा वेळी एका सेकंदात पस्तीसेक मीटर जागा पंखाखालून निघून जाते. माझा सहवैमानिक हळू आवाजात म्हणाला, "गो-अराउंड करायचं का?" म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं का. मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. मला चाकं टेकवायची होती. नीट, मऊ टेकवायची होती. बिरसीला टेकवायचे तशी.

टेकली तेव्हा ४३० मीटर मागे गेले होते. पुढे ३२० उरले होते, तेही उताराचे.

मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा. एक चाक अडकून घसरलं, विमान डावीकडे ओढलं गेलं, मी पाय सोडला, पुन्हा दाबला. रबर जळाल्याचा वास आत आला. थांबलो तेव्हा काचेतून पट्टीची कडा दिसत नव्हती. नाकाखाली ती दडली होती. त्या कडेपलीकडे मातीचा बांध आणि पाटाचं पाणी.

इंजिन बंद करून मी खाली उतरले आणि नाकापासून कडेपर्यंत चालत गेले. बावीस पावलं. का मोजली, सांगता येत नाही. घरची सवय असावी.

इथपर्यंतची चूक हवेतली. यापुढची जमिनीवरची आहे.

मी परत चालत आले आणि सहवैमानिकाला म्हणाले, "हे कुठे बोलू नको." तो 'हो मॅडम' म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं? मी सीनिअर होते, त्याचे तास माझ्या सहीनं भरायचे होते. तो बरोबर होता आणि मी त्याला गप्प केलं.

विमानाच्या टेक लॉगमध्ये उड्डाणानंतर काही बिघाड, काही वावगं असेल तर लिहायचं असतं. मी 'निल' लिहिलं, म्हणजे काही नाही, आणि सही केली. माझी सही मला तशी आवडते, पण त्या पानावरची आजही डोळ्यांसमोर येते. टायर मी बघितलाच नाही. बघितला असता तर दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर लिहावं लागलं असतं. मग संध्याकाळची बस मी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानातून दुसरा वैमानिक दोन माणसांना घेऊन जाणार होता. त्याच छोट्या पट्टीवरून, उन्हं चढायच्या आत. पण तिथले मेकॅनिक काका जुन्या वळणाचे. ते चाकाला नुसतं बघत नाहीत, तळहात फिरवतात. विमान थोडं ढकलायचं, पुन्हा हात फिरवायचा. त्यांच्या हाताला डाव्या टायरवर तळव्याएवढा सपाट भाग लागला. अडकलेलं चाक घसरलं की रबर एकाच जागी खरवडलं जातं आणि आतले धागे उघडे पडतात. असा टायर पुढच्या टेकण्याला फुटू शकतो, आणि छोट्या पट्टीवर टायर फुटला तर विमान कुठे जाईल सांगता येत नाही.

त्यांचा फोन आला. "मॅडम, ब्रेक जोरात लागले होते का?"

मी म्हणाले, "थोडेसे."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी चाक उतरवलं, विमान उभं ठेवलं, आणि दोन माणसांचा सकाळचा प्रवास रद्द झाला. माझ्या 'निल'वर विश्वास ठेवला असता तर तो झाला असता.

चार दिवसांनी मी जाऊन सगळं लेखी दिलं. हे चार दिवस मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. चार दिवस हा फार मोठा काळ आहे. त्यात मी तीन वेळा उड्डाण केलं, आणि एका नव्या मुलीला 'चूक झाली की लगेच लिहायची' असंही शिकवलं. मला काही महिने बसवून ठेवलं. ते योग्यच होतं.

त्या काळात मी शहापूरला घरी आले. जूनचा शेवट होता, पऱ्हे वर आले होते, पाऊस रेंगाळला होता. बाबांना सगळं सांगितलं. विमानातलं त्यांना फारसं कळत नाही, पण जागेचं कळतं. ते म्हणाले, "किती लांब होता तो पट्टा?" मी साडेसातशे मीटर म्हटलं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि आम्ही घरामागच्या पांदणीनं निघालो. कडूलिंबापासून त्यांनी पावलं टाकायला सुरुवात केली. मी सोबत. ते मोजताना ओठ हलवत नाहीत, फक्त दर शंभराला डाव्या हाताचं एक बोट दुमडतात. एक हात संपला. त्यानंतर सत्तर-एक पावलं अजून झाली, आणि मी म्हटलं, इथे टेकली चाकं.

ते वळले. कडूलिंब खूप मागे राहिला होता. त्याच्या बुंध्याशी बांधलेली म्हैस वासराएवढी दिसत होती. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"एवढी जागा पडीत ठेवली का वं तू?"

मला विमानविद्येतलं एक जुनं म्हणणं माहीत होतं, की मागे राहिलेली धावपट्टी वैमानिकाच्या काही कामाची नसते. किती तरी वेळा ऐकलं होतं. पांदणीवर उभं राहून त्या कडूलिंबाकडे बघेपर्यंत ते मला कळलेलं नव्हतं.

पुन्हा उडायला लागल्यावर मी छोट्या धावपट्ट्यांचा अभ्यास करू लागले, जो खरं तर आधी करायला हवा होता. आपल्याकडची उष्णता हा त्यातला मोठा भाग आहे आणि त्याची नवशिक्यांना पुरेशी धास्ती वाटत नाही. नागपूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. जमीन नागपूरची, आणि विमानाच्या लेखी हवा महाबळेश्वराच्या उंचीची. इंजिनाचा जोर कमी, पंखांची पकड कमी, आणि काट्यावर ६१ दिसत असलं तरी जमिनीवरचा खरा वेग त्याहून बराच जास्त. चढताना तर अजून वाईट. म्हणून गरम दुपारी छोट्या पट्टीवर माघार घ्यायची असेल तर ती लवकर, झाडं ओलांडण्याच्या आधीच घ्यावी लागते. मी घेतली नाही याचं 'उन्हात विमान नीट चढलं नसतं' हे कारण मी नंतर शोधून काढलं. त्या क्षणी माझ्या मनात तो विचार नव्हता. बस होती, आणि मऊ टेकण्याची हौस होती.

नेपाळमधल्या लुक्लाची पट्टी ५२७ मीटरची. एडमंड हिलरींच्या पुढाकारानं १९६४ मध्ये बांधलेली. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंच. ती जवळपास बारा टक्के चढाची आहे. विमानं चढाकडे तोंड करून उतरतात, चढच त्यांना थांबवतो, आणि उताराकडे तोंड करून उडतात. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. शेवटच्या टप्प्यात तिथे माघारच नाही, म्हणून निर्णय खोऱ्यातच, पट्टी अजून दूर असताना घ्यावा लागतो. हे वाचल्यावर मला लक्षात आलं की लुक्लाला जाणारा वैमानिक पट्टी किती लहान आहे हे एक क्षणही विसरत नाही. मी माझ्या साडेसातशे मीटरवर विसरले, कारण ती दिसायला घरच्यासारखी होती. सपाट शेतं, निलगिरी, पाटाचं पाणी.

मुंबईच्या जुहूची गोष्ट मला याच कारणासाठी वारंवार आठवते. १९२८ मध्ये सुरू झालेलं हे आपल्या देशाचं पहिलं नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. मुख्य धावपट्टी ११४३ मीटरची. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. आमच्या छोट्या विमानाला ती पट्टी ऐसपैस. पण जवळच्या सांताक्रूझची मोठी धावपट्टी समजून १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तिथे उतरलं. कॉमेट वाचलं आणि नंतर उडवून बाहेर काढता आलं. डीसी-८ पट्टी संपल्यावर पुढे गेलं आणि मोडलं, माणसं वाचली. अनुभवी माणसं होती ती. डोळ्यांना जे दिसायला हवं होतं तेच त्यांना दिसलं. मी त्यांच्यापेक्षा कमी दोषी नाही. त्यांना आपण कुठे आहोत हे माहीत नव्हतं. मला सॉक दिसला होता.

मग ७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आली. कोळिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, टोकाला दरी असलेल्या धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पुढे घसरून दरीत कोसळलं. एकवीस जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, त्यांचे आईवडील तेव्हा नागपूरला. विदर्भातल्या कितीतरी घरांत त्या रात्री आपलं कुणी गेल्यासारखं वाटलं. आमच्या घरीही बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत.

सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि मी तो पूर्ण वाचला. २,७०० मीटरच्या पट्टीवर विमान सुमारे १,३५० मीटर पुढे टेकलं होतं, पावसात, पाठचा वारा असताना. म्हणजे अर्धी पट्टी मागे गेल्यावर. त्या विमानाचा वेग, वजन, पाऊस, काळोख, या कशाचीच माझ्या दुपारशी तुलना होऊ शकत नाही. ज्यांच्या हातात ते विमान होतं त्यांच्याविषयी बोलायचा अधिकार मला नाही आणि मी बोलणार नाही. पण अहवालात एका ठिकाणी मी थांबले. सहवैमानिकानं 'गो-अराउंड' म्हटलं होतं.

ते वाक्य मी चार-पाचदा वाचलं. मग फोन घेतला आणि सात वर्षांनी त्या मुलाला लावला. तो आता मोठ्या जेटवर आहे. मी म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतास, मी ऐकलं होतं, आणि नंतर तुला गप्प बसवलं त्याची माफी मागायला फोन केलाय. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मॅडम, मी जोरात म्हणायला हवं होतं. प्रश्न म्हणून नको होतं विचारायला." मी म्हटलं, नाही, तुझा आवाज पुरेसा होता. तो म्हणाला, "मला अजून ती बावीस पावलं आठवतात. तुम्ही चालत होता तेव्हा मी आत बसून मोजत होतो."

मला वाटत होतं की ती मी एकटीनंच मोजली.

आता मी शिकवते. इंजिन सुरू करायच्या आधी उजव्या सीटवर जो असेल त्याला सांगते, तू 'गो' म्हटलंस की मी कारण विचारणार नाही. नव्या पट्टीवर शक्य असेल तर आदल्या दिवशी रस्त्यानं जाऊन ती पायी चालते. एक तृतीयांश अंतरावर ओळखीची खूण शोधते, विजेचा खांब, झाड, काहीही, आणि चाकं तिथपर्यंत टेकली नाहीत तर परत वर, हे जमिनीवर असतानाच ठरवते. हवेत ठरवत नाही. हवेत माझं मन कसं चालतं ते मी एकदा बघितलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या पट्टीवर उतरत होतो. उजवीकडे एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, साकोलीकडची. माझ्या मते सगळं ठीक होतं. वेग दोन नॉट जास्त असेल, खूण अजून पुढे होती, मी नक्की बसवलं असतं. ती म्हणाली, "गो." आवाज थरथरत होता. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर घेतले आणि आम्ही झाडांवरून वर गेलो. वळसा घेऊन पट्टीला समांतर आल्यावर ती म्हणाली, "सॉरी मॅडम, मला वाटलं..." मी तिला बोलू दिलं नाही. खिडकीतून खाली बघायला सांगितलं. पट्टी खाली पूर्ण पसरली होती, एका टोकाच्या शेडपासून दुसऱ्या टोकाच्या बाभळीपर्यंत, आणि तिच्यातलं एक पाऊलही अजून मागे पडलेलं नव्हतं.